किल्लीची जागा

बुधवारी सकाळी बाबांचा फोन आला.

"तळं सोडलंय," ते म्हणाले. "पहिली फळी काढली. येतेस ना?"

दरवर्षी हा फोन आई करायची. ती आधी हवेचं सांगायची, मग गुडघ्यांचं, मग शेजारच्या गेर्डाने दिलेल्या भोपळ्याचं आणि सगळ्यात शेवटी तळ्याचं. बाबांनी एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मी फ्रँकफर्टच्या ग्रंथालयातून आठवड्याची रजा घेतली. एर्लांगेनपर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने गावात पोचले तेव्हा दुपार झाली होती.

बाबा बांधावर होते. कंबरेपर्यंतचे रबरी बूट, डोक्यावर आईने विणलेली राखी टोपी. आमच्याकडची तळी पावसाच्या पाण्यावर भरतात. त्यांना ना झरा, ना ओढा. कार्प मासे त्यांत तीन उन्हाळे वाढतात आणि ऑक्टोबरात तळं रिकामं करून धरतात. पाणी एकदम सोडून चालत नाही. बांधात सिमेंटची एक उभी पेटी असते, तिच्यात आडव्या लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. रोज एक-दोन फळ्या उचलायच्या. पाणी हळूहळू उतरतं तसे मासे पेटीपुढच्या खड्ड्यात गोळा होतात. हे पाच-सहा दिवसांचं काम, आणि एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही.

"बूट घाल," बाबा म्हणाले. "तिचे आहेत तिथे."

आईचे बूट मला लहान होतात. तरी घातले. दोघांनी मिळून आकडीने दुसरी फळी उचलली. फुगलेलं लाकूड सुटता सुटत नव्हतं. सुटलं तेव्हा बाबा एक पाऊल मागे गेले आणि तिथेच उभे राहिले, हातात फळी, धापा टाकत. आधी असं होत नसे.

"बसा जरा."

"बसलो की उठायला वेळ लागतो."

आई एप्रिलमध्ये गेली. तालुक्याच्या गावी गुरुवारी बाजार भरतो. तिथे एका माणसाने पिस्तुलाने सहा जणांना मारलं. आई त्यांतली चौथी. तिच्या पिशवीत शेपूच्या दोन जुड्या आणि मुळे होते. आठ दिवसांनी पोलिसांनी पिशवी परत दिली, धुऊन, घडी करून. कोणी धुतली, कोण जाणे. धुवायला नको होती.

पिस्तूल त्या माणसाचं नव्हतं, त्याच्या सासऱ्याचं होतं. सासरा तिथल्या नेमबाजांच्या मंडळाचा चाळीस वर्षांचा सभासद. परवाना चोख, कपाट पोलादी. किल्ली स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या खाली.

बाबासुद्धा नेमबाज. आमच्या गावच्या श्युत्सेनफेराइनचे, म्हणजे नेमबाज मंडळाचे सभासद, सत्तावीस वर्षं. तळघरात त्यांचंही एक पोलादी कपाट आहे आणि त्यात एक रायफल, लहान बोअरची. तिने ते फक्त कागदावरच्या गोल निशाणांना मारत.

*

गुरुवारी शॉर्श आला. शॉर्श म्हणजे आमचा शेजारी, गेर्डाचा नवरा, फेराइनचा अध्यक्ष. आमचं तळं मूळ त्याच्या बापाचं, आमच्याकडे खंडाने आहे. त्याची स्वतःची नऊ तळी आहेत. तो आत आला की दारातच टोपी काढतो आणि आईने सांगितलेलं असल्यामुळे बूटही काढतो. त्या दिवशीही काढले. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं.

"आशू, बारीक झालीस," तो मला म्हणाला. मग बाबांकडे वळला. "कोनिग, पाणी कुठवर?"

कोनिग म्हणजे राजा. सतरा वर्षांपूर्वी बाबा फेराइनच्या वार्षिक स्पर्धेत पहिले आले होते. जो पहिला येतो तो वर्षभर राजा. त्याच्या नावाचा चांदीचा एक पत्रा मंडळाच्या जुन्या साखळीत अडकवतात, पत्र्यावर त्याच्या धंद्याची काहीतरी खूण असते. खाटकाचा सुरा, सुताराचा रंधा. बाबा एर्लांगेनच्या कंपनीत मशीनच्या भागांची मापं तपासायचे. त्यांनी व्हर्नियर मागितला होता. फेराइनने परस्पर हत्ती कोरून आणला. आई तेव्हा हसून हसून खुर्चीवर बसली होती. "अहो, तुमच्या भोरला हत्ती सर्कशीतसुद्धा आला नसेल!" शॉर्शला याचं भाषांतर करून सांगावं लागलं. तोही हसला. हत्ती मात्र राहिला.

"तीन फळ्या राहिल्यात," बाबा म्हणाले. "मंगळवारी धरू."

"गेनाऊ, बरोबर. माणसं सांगून ठेवतो. आठ जण लागतील." शॉर्शने टोपी गुडघ्यावर ठेवली. ती फिरवत राहिला. "आल्झो, तर मग. रविवारचं तुला माहीत आहे."

बाबांनी त्याच्यापुढे चहा सरकवला.

बाजारातल्या प्रकारानंतर नव्या कायद्याचा मसुदा आला होता. खेळासाठीच्या बंदुका यापुढे घरात ठेवायच्या नाहीत. प्रत्येक तालुक्यात एक पहाऱ्याचं कोठार, तिथे जमा करायच्या, नेमबाजीपुरत्या सही करून न्यायच्या. त्याविरुद्ध गावोगाव सभा चालल्या होत्या. आमच्या बसथांब्यावरही पिवळा कागद चिकटवलेला होता: रविवारी सकाळी दहा, श्युत्सेनहाउस, गुन्हा एकाचा, शिक्षा सगळ्यांना.

"जिल्हा संघाचा माणूस येणार आहे," शॉर्श म्हणाला. "वर्तमानपत्रवाली येणार आहे. आम्ही बोललो तर म्हणतील, यांना काय, यांचं कुठे काय गेलंय. तू बोललास तर…" तो थांबला. मोज्याचं भोक त्याने दुसऱ्या पायाखाली झाकलं. "मला विचारायला लाज वाटते, शाम. गेर्डा म्हणाली, जाऊ नकोस. पण मी आलो."

"कागदावर लिहून दे," बाबा म्हणाले. "माझं जर्मन ऐन वेळी घसरतं."

शॉर्शने खिशातून कागद काढला. लिहूनच आणला होता.

तो गेल्यावर मी चहाचे कप उचलले. एक खाली ठेवला, परत उचलला.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात."

"कागद घेतला."

"आईच्या नावाने तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहणार?"

"तिच्या नावाने नाही. माझ्या."

"ते तुमच्याकडे का आले, कळत नाही तुम्हाला? तुम्ही त्यांना हवे आहात ते तिच्यामुळे. नाहीतर सत्तावीस वर्षांत तुम्हाला भाषण करायला कोणी सांगितलंय?"

बाबा खिडकीतून तळ्याकडे बघत होते. पाणी उतरलेल्या भागात काळा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर एक बगळा उभा होता.

"आम्ही इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं बेकरीवालीसुद्धा आधी मागच्या गिऱ्हाइकाला विचारायची," ते म्हणाले. "शॉर्शचा बाप एक दिवस आला आणि म्हणाला, आमच्या संघात एक माणूस कमी आहे, तुला डोळे आहेत का? तेव्हापासून या गावात मला नाव आहे."

"म्हणून?"

"म्हणून असं नाही." ते उठले. "घरातून बंदूक जाऊ द्यायची नाही मला. एवढंच आहे."

मी भांडी घासली. आतल्या खोलीत बाबा शॉर्शचा कागद मोठ्याने वाचत होते. 'जबाबदार' या अर्थाच्या लांबलचक शब्दावर ते दर वेळी अडखळत आणि पहिल्यापासून सुरू करत.

संध्याकाळी पुण्याहून नीतामावशीचा फोन आला. ती आईची धाकटी बहीण. सगळं ऐकून म्हणाली, "श्यामकांतरावांचं डोकं फिरलंय. बंदूक घेऊन बसलेत! माझी ताई गेली आणि हे बंदूक घेऊन बसलेत!" मग जरा वेळाने म्हणाली, "जेवतात का ग नीट?"

*

शुक्रवारी खंडेनवमी होती. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे सण नव्हता. बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलंही नाही. चहा घेऊन ते शॉर्शकडे जाळं बघायला गेले. वर्षभर वाळलेलं जाळं कुठे कुठे उंदरांनी कुरतडलेलं असतं.

आई खंडेनवमी फार मनापासून करायची. आदल्या दिवशी बाबांचे पाने, हातोड्या, व्हर्नियर, तिची कात्री, शिलाई मशीन, भाजीची विळी, असं सगळं पुसून ठेवायची. सकाळी पाटावर मांडून प्रत्येकाला हळदकुंकू, एकेक झेंडू. शेवटी तळघरातून रायफल यायची. कपाटाची किल्ली ती स्वतःच काढायची. किल्ली देव्हाऱ्यात असे, अन्नपूर्णेच्या मागच्या पितळी डबीत. कायद्याप्रमाणे ती कुठे असते हेसुद्धा बाबांखेरीज कोणाला कळता कामा नये. बाबा पहिल्या वर्षी तसं म्हणाले होते. आई म्हणाली, "देवाच्या पाठीमागे कोण हात घालणार आहे? तुमच्या खिशात ठेवाल तर पँटबरोबर मशीनमध्ये जाईल." आणि ते खरंच होतं, एकदा गेली होती. मग किल्ली देव्हाऱ्यात राहिली. मीही ती सातवीपासून पाहत आले होते.

मी डबी उघडली. किल्ली घेतली आणि तळघरात गेले. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. ज्या वस्तूसाठी ते आईकडे पाठ फिरवताहेत असं मला वाटत होतं, ती एकदा पाहायची होती. रागात माणूस काहीही पाहायला जातो.

कपाट उघडलं. नेहमी तेलाचा वास यायचा, तो आला नाही. बाबा दर शनिवारी रायफल पुसायचे, हे घरातलं घड्याळ होतं. आणि आता नळीवर धुळीचा पातळ थर होता. मी दिवा लावला.

लाकडी दस्त्यावर, जिथे गाल टेकतो त्याच्या थोडं खाली, कुंकू होतं. हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं. कडेने काळपट झालेलं, मधे अजून लाल. बोट जरा घसरलं होतं, त्यामुळे ठिपका गोल नव्हता, लांबट होता. वाकून पाहिलं तेव्हा त्यात बोटाच्या रेषा दिसल्या. आईच्या अनामिकेला लहानपणी विळी लागली होती, त्याचा व्रण आडवा गेलेला होता. तो त्यात दिसत होता.

"हात लावू नकोस."

बाबा जिन्यात उभे होते. जाळ्याचा एक तुकडा त्यांच्या हातात तसाच होता.

"नाही लावत."

"गेल्या वर्षीचं," ते म्हणाले. "मी पुसून टाकायचो नेहमी. त्यांच्यापुढे लाल ठिपका घेऊन कसं जायचं, म्हणून. गेल्या वर्षी गुडघा सुजला होता. फेराइनला गेलो नाही, तळघरातही उतरलो नाही. राहून गेलं. मग हिवाळा आला. मग…"

मी कपाटाच्या दाराला धरून उभी होते.

"कोठारात ठेवायला दिली तर तिथला माणूस तेल लावणार," बाबा म्हणाले. "त्याचं कामच आहे ते. दर महिन्याला फडका मारणार. त्याला काय सांगू मी?"

घरात आईचे फोटो होते, साड्या होत्या, बूट होते. तिच्या बोटाचा ठसा दुसरा कुठे नव्हता. मी कपाट लावलं. काल बोललेलं सगळं मला आठवत होतं आणि त्यातलं एकही वाक्य मागे घ्यायला जमत नव्हतं.

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. खूप वेळ ते माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहत होते.

"तू उघडलंस," ते म्हणाले.

"हो."

"तुला ठाऊक होती जागा."

"सातवीपासून, बाबा. आईनेच दाखवली होती, कापूर आणायला पाठवलं तेव्हा."

"जा," ते म्हणाले. मराठीतलं नव्हे, जर्मनमधलं जा. म्हणजे हो. मग पुन्हा, हळू, "जा, जा." त्यांना उठायला खरंच वेळ लागला. मी हात दिला.

*

श्युत्सेनहाउसमध्ये, म्हणजे फेराइनच्या सभागृहात, रविवारी सव्वाशे माणसं असतील. बरेच जण चर्चमधून थेट आलेले, काळ्या कोटात. भिंतीवर राजांची जुनी लाकडी निशाणं, काचेच्या कपाटात ती चांदीची साखळी. हत्ती डावीकडून तिसरा. बियरचे पेले आधीच टेबलांवर आले होते. गेर्डाने माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. तिने माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला, सोडलाच नाही.

जिल्हा संघाचा माणूस चांगला बोलला. आवाज चढवला नाही. मेलेल्या सहा जणांसाठी सगळ्यांना उभं केलं. आईचं नाव वासंती. ते त्याने बरोबर उच्चारलं, म्हणजे कोणाला तरी विचारलेलं होतं. मग तो म्हणाला, त्या म्हाताऱ्या सासऱ्याने किल्ली चमच्यांच्या खणात ठेवली. आपल्यापैकी कोणी ठेवतं का? खऱ्या नेमबाजाच्या किल्लीची जागा एकट्या त्यालाच ठाऊक असते, बायकोलाही नाही, पोरांनाही नाही. तो म्हातारा आपल्यातला नव्हताच.

टेबलांवर मुठी आपटून लोकांनी दाद दिली. पेले हलले.

मग शॉर्शने बाबांचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठून उभे राहिले. खुर्च्या सरकल्याचा एवढा आवाज झाला की बाबा वाटेतच थांबले. त्यांनी निळा कोट घातला होता, फेराइनचा बिल्ला असलेला. खिशातला कागद मला बाहेरून दिसत होता. त्यांनी तो काढला नाही.

"माझी किल्ली देव्हाऱ्यात होती," बाबा म्हणाले.

लोकांना वाटलं, ही काहीतरी सुरुवात आहे.

"आमच्या घरात देवांची एक छोटी जागा आहे. तिथे एका डबीत. माझ्या बायकोला ठाऊक होतं. ती वर्षातून एकदा कपाट उघडायची, सणाला. मुलीला ठाऊक होतं, ती बारा वर्षांची असल्यापासून. घरी पाहुणे यायचे, तेही देवाला नमस्कार करायचे. डबी तिथेच होती." ते थांबले. जर्मन घसरत नव्हतं. "मी सत्तावीस वर्षं स्वतःला काळजी घेणारा माणूस समजत होतो. मी मापं तपासायचो. त्या म्हाताऱ्यालाही तसंच वाटत असणार. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की माझ्या घरी त्याचा जावई आला नाही."

कोणी तरी हळू म्हणालं, "शाम, बस खाली."

"कायदा चांगला की वाईट, मला सांगता येत नाही. मला तो नको होता. माझं कारण वेगळं आहे, ते मी सांगणार नाही. पण तो म्हातारा आपल्यातला नव्हता असं मला म्हणता येत नाही. कारण तो मी आहे."

वर्तमानपत्रवाली लिहीत होती. संघाचा माणूस तिच्याकडे पाहत होता. शॉर्श उठून उभा होता, त्याचे कान लाल झाले होते.

"हे तू आज सांगतोस?" तो म्हणाला. "इथे?"

"परवा कळलं मला."

"माझ्याकडे आला असतास. मला सांगायचं, मला!"

बाबा खाली येऊन बसले नाहीत. सरळ दाराकडे गेले. आम्ही बाहेर पडेपर्यंत एकही खुर्ची हलली नाही. गेर्डाने माझा हात सोडताना एकदा दाबला.

*

सोमवारी सगळं छापून आलं. मंगळवारी पहाटे साडेसहाला आम्ही बांधावर होतो. गवतावर दहिवर पांढरं झालं होतं. तळ्यात आता पेटीपुढचा खड्डा तेवढा पाण्याने भरलेला, आणि त्या पाण्याला उकळी फुटल्यासारखी हालचाल. सतराशे-अठराशे किलो मासा एवढ्याशा पाण्यात. ऊन वर आलं की पाण्यातली हवा संपते.

आठ माणसं यायची होती. सात वाजले. रस्त्यावरून सुताराची गाडी गेली. तो दरवर्षी येतो. त्याने वेग कमी केला नाही.

"आपण दोघं ओढू," बाबा म्हणाले.

"दोघांनी जाळं उघडणारसुद्धा नाही, बाबा."

सव्वासातला शॉर्शचा ट्रॅक्टर आला, मागे प्राणवायूच्या नळ्या लावलेली टाकी. शॉर्श आणि गेर्डा. तो उतरला, बाबांकडे न बघता माझ्यापाशी आला.

"माशांसाठी आलोय," तो म्हणाला. "माशांनी कोणाचं काही केलेलं नाही."

चौघांनी जाळं ओढलं. मी आणि गेर्डा एका टोकाला, ते दोघं दुसऱ्या टोकाला, हातभर अंतरावर. चिखल मांड्यांपर्यंत येत होता आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागत होतं. आईचे बूट बोटांना काचत होते, थोड्या वेळाने बोटं बधिर झाली तेव्हा बरं वाटलं.

"आशू," शॉर्श तिकडून ओरडला, "त्याला सांग, खालचा दोर पायाखाली दाब. मासे निसटताहेत."

बाबा त्याच्या कोपराशी उभे होते. "बाबा, खालचा दोर दाबा," मी ओरडले.

"दाबलाय, सांग त्याला."

"दाबलाय म्हणतात."

"दाबलेला नाही!"

गेर्डा मान खाली घालून ओढत होती. "पन्नास वर्षं मी याच्याशी संसार केला," ती मला पुटपुटली, "आणि हा गाढव शाळेतल्या मुलासारखा."

जाळं आवळलं तेव्हा पाणी फुटलं. कार्पच्या शेपट्या तोंडावर, छातीवर बसत होत्या. झोळीच्या जाळीने मासे उचलायचे, टबात टाकायचे, टब बांधावर चढवायचा. दहा-बारा टबांनंतर बाबांचा पाय अडकला आणि ते आडवे झाले, तोंड चिखलात. मी मधे जाळं असल्यामुळे पोचू शकत नव्हते. शॉर्शने त्यांच्या बुटांचे खांद्यावरचे पट्टे धरले आणि एका झटक्यात उभं केलं. आपल्या बाहीने त्यांचे डोळे पुसले. आईची टोपी चिखलातून काढली, पिळली आणि त्यांच्या हातात दिली. दोघं पुन्हा जाळ्याकडे वळले.

साडेअकराला शेवटचा टब वर गेला. दरवर्षी या वेळी आई किटलीभर आल्याचा चहा घेऊन बांधावर उभी असायची. ती मासे खायची नाही, पण किती धरले ते तोंडपाठ असायचं. मी चहा आणायचा विसरले होते. शॉर्शने ट्रॅक्टर सुरू केला आणि तो निघून गेला.

*

नोव्हेंबरात तालुक्याच्या कचेरीचं पत्र आलं. किल्लीची जागा घरच्यांना ठाऊक असल्यामुळे बाबा आता हत्यार बाळगण्यास भरवशाचे राहिले नव्हते, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. मी पुन्हा गावी गेले. कचेरीतल्या बाई आणि एक तरुण पोलीस आले. त्यांनी दारात बूट पुसले. आईबद्दल दोन शब्द बोलले.

बाबांनी कपाट उघडलं आणि रायफल दोन्ही हातांवर आडवी आणली. टेबलावर जुनं चादरीचं कापड पसरून ठेवलं होतं, त्यावर ठेवली. बाईंनी क्रमांक पडताळला. फॉर्मवर 'स्थिती' असा एक रकाना होता.

"गंज आहे का हा?" त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून फडका काढला.

बाबांचा हात पुढे आला. बाईंच्या मनगटाला त्यांनी स्पर्श केला नाही, मधे नुसता धरला.

"गंज नाही. राहू द्या."

"मग काय लिहू?"

"लाल डाग लिहा. लाकडावर."

त्यांनी तसं लिहिलं. फडका परत ठेवला. पुढे काय करायचं, असं त्यांनी विचारलं: परवानाधारकाला विकता येते, नाहीतर सरकार वितळवतं. बाबा म्हणाले, वितळवा. विकत घेणारा पुसेल. चादरीच्या कापडात त्यांनी रायफल स्वतः गुंडाळली, ठिपक्याच्या जागी कापडाचा पदर सैल ठेवून. कापड परत मिळणार नाही, असं पोलीस म्हणाला. असू दे, बाबा म्हणाले.

शॉर्श तेव्हा आपल्या अंगणात लाकडं फोडत होता. आमच्या दारातून गाडी निघताना त्याने पाहिली. कुऱ्हाड खाली गेली, पुन्हा वर आली.

*

तो आला मार्चमध्ये. वर्ष जवळ आलं होतं. नीतामावशी येणार होती, तिच्यासाठी मी वरची खोली झाडत होते. खाली दार वाजलं आणि टोपी काढून, बूट काढून शॉर्श आत आला. हातात गेर्डाने दिलेली केकची थाळी.

"तळं भरलं," तो म्हणाला. हे तो बाबांना म्हणाला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"भरलं," बाबा म्हणाले. "बस."

मी आल्याचा चहा केला. दोघं पाण्याबद्दल बोलले, पाणकावळ्यांबद्दल बोलले. कायदा अजून समितीतच अडकलेला होता, त्याबद्दल कोणी काढलं नाही. मग शॉर्शने कप खाली ठेवला. "त्या दिवशी तू म्हणालास, तुझं कारण वेगळं होतं. गेर्डा रोज विचारते. मी म्हटलं, मला काय माहीत."

बाबांनी सांगितलं. सणाचं, पाटाचं, कुंकवाचं. बोट घसरल्याचं. व्रणाचं. मराठीत मला जिन्यात सांगितलं होतं त्याहून जास्त सांगितलं. शॉर्श ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत होता, मला वाटलं त्याला रडू येतंय. पण ते तसं नव्हतं.

"कुठे होतं म्हणालास? दस्त्यावर?"

"लाकडावर. गालाच्या खाली."

"लाकडावर," शॉर्श म्हणाला. "शाम, लाकूड हत्यार नसतं. नळी हत्यार, खटक्याची पेटी हत्यार. दस्ता म्हणजे नुसतं लाकूड. तो दुकानात कोणालाही मिळतो. काढून ठेवायचा, लोखंड द्यायचं. दोन स्क्रू आहेत. मी येऊन पाच मिनिटांत…" तो थांबला.

स्क्रू दोन आहेत हे बाबांना ठाऊकच होतं. कितीदा त्यांनी ते उघडले असतील.

"मला वाटलं, अख्खी द्यायची असते," बाबा म्हणाले.

"मला विचारायचंस."

"नोव्हेंबरात?" बाबा म्हणाले. शॉर्शने मान खाली घातली. त्याची दोन बोटं टेबलावर होती, जाड, नखांत तळ्याची माती. दोन स्क्रूंमधलं अंतर दाखवायला त्याने ती पसरली होती, आणि ती परत मिटायचं त्याला सुचत नव्हतं. बाबा त्या बोटांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. चहा गार होत होता.